पिवळ्या मडगार्डचा पायलट

चौथीच्या वहीत गौतमीनं लिहिलं:
माझे बाबा पायलट आहेत.
खोटं काय त्यात?
म्हापशाच्या बाजारापाशी माझी मोटरसायकल उभी असते,
पिवळं मडगार्ड, काळी पाटी,
मागं गिऱ्हाईक, त्याच्या हातात बांगड्यांची ठिबकती पिशवी,
आणि गोव्यात आम्हाला सगळे पायलटच म्हणतात.
पण बाई नवीन होत्या, सोलापूरकडच्या.
त्यांनी तांबड्या शाईत शेरा दिला:
छान! विमानाचं वर्णन अजून हवं.

बाबा, वर्णन सांगा, पोरगी म्हणाली.
मी विमान जन्मभर खालून पाहिलेलं.
पोटाकडून. पाय आत घेताना.

म्हणून जुलैत, तिकिटांचा भाव पडला त्या रात्री,
हैदराबाद. सकाळी जायचं, रात्री परत,
मुक्काम नाही, हॉटेल नाही, बॅग नाही.
तीन तिकिटं झाली. चौथ्यापाशी माझा अंगठा थांबला.
मला नाहीतरी पोटात ढवळतं, सुलक्षा म्हणाली.
कदंबा बसमध्ये खिडकीसाठी भांडणारी ही!
अंगणात उभी राहते, म्हणाली,
लाल टॉवेल हलवते. वरनं बघा.

मोपाच्या अलीकडे उमाकांतच्या गाड्यामागं मोटरसायकल लावली,
पार्किंगच्या पैशात दोन थाळ्या येतात.
तपासणीत मिसकुटाची बाटली निघाली.
चपात्या पास, लोणचं नापास.
तुम्ही खाणार का आता ते? साईलनं वर्दीवाल्याला विचारलं.
तो हसला नाही.
मग हसला.

खिडकी जाताना साईलची, येताना गौतमीची.
धावपट्टीवर वेग आला तसा माझा उजवा हात
गुडघ्यावर आपोआप पिळायला लागला.
ब्रेक माझा नव्हता, तोल माझा नव्हता,
बावीस वर्षांत पहिल्यांदा
मी मागच्या सीटवर.

खंय आमचें घर? साईलचं नाक काचेला चिकटलेलं.
काजूची झाडं, तांबडा रस्ता, एक वळलेली नदी,
आणि लगेच ढग, दुधावर साय धरावी तसे.
टॉवेल नाही, अंगण नाही, अख्खं धारगळच नाही.

पाणी विकायला आलेल्या मुलीला गौतमी म्हणाली,
माझे बाबापण पायलट आहेत.
तिनं माझ्या सँडलांकडे पाहिलं नाही.
कुठल्या रूटवर, सर?
म्हापसा–शिवोली, मी म्हणालो.
पाऊस असला तरी जातो.

हैदराबादचं काय सांगू.
बसचा दिवसभराचा पास, चारमिनार खालूनच,
एक बिर्याणी तिघांत, वर रस्सा फुकट.
हुसेनसागरापाशी साईल थबकला: हा समुद्र?
पलीकडचा काठ दिसतोय की, गौतमी म्हणाली. समुद्र कसला!
सुलक्षासाठी डझनभर बांगड्या,
माप आठवेना, तर गौतमीनं डोळे मिटून
हवेत आईचा हात धरला आणि म्हणाली, एवढा.

रात्री अकरा. उमाकांतचा गाडा बंद, सीट ओली.
साईल उभ्या उभ्या झोपलेला.
गौतमीनं त्याला शालीनं माझ्या पाठीला बांधलं,
गाठ दोनदा ओढून पाहिली,
मागं बसून त्या विमानातल्या आवाजात म्हणाली:
खुर्चीचे पट्टे बांधून ठेवावेत.
धारगळला आपण वीस मिनिटांत उतरू.
मी खड्डे चुकवत गेलो. कधी नव्हे इतके.

दारात दिवा, दिव्यात सुलक्षा.
दिसला टॉवेल?
मी काय सांगावं ते जुळवत होतो,
तेवढ्यात पाठीवरून, झोपेतच, साईल म्हणाला,
दिसला. लाल. खूप मोठा.

ती काही बोलली नाही.
तिच्या खांद्यावरचा टॉवेल हिरवा होता.
लाल अजून दोरीवर, चार दिवस वाळतच नव्हता.
तिनं गाठ सोडली,
आणि त्या हिरव्यानंच त्याचं डोकं पुसलं.