झेंडे जुने करण्याचं काम

मी झेंडे जुने करते.
पेनसिल्व्हेनियात, शामोकिनला, कोळशाच्या राखेच्या टेकडीखाली,
रेशमाची गिरणी होती तिच्या मागच्या खोलीत.
सुती कापड येतं दूरच्या कुठल्या बंदरातून,
ताग्यावरचा शिक्का मला वाचता येत नाही.
ग्लेनिस पट्टे जोडते, तेरा, दुहेरी शिवणीने.
तारे माझ्याकडे : आठ-आठच्या सहा ओळी, अठ्ठेचाळीस.
पन्नास नकोत गिऱ्हाइकाला.
त्याला आजोबांच्या वेळचा हवा,
अलास्का आणि हवाई यायच्या आधीचा.

मग चाळीस पुड्या चहा, मूठभर मीठ,
मोठं पातेलं, रात्रभर.
सकाळपर्यंत पांढऱ्यावर साय धरते.
कडा दगडाने घासायच्या,
एखादा डाग, फार विचार न करता.
सत्तर वर्षं अकरा तासांत.
पासष्ट डॉलर, टपालखर्च वेगळा.

खोटं आहे का हे? असेल.
ग्लेनिस म्हणते, लोक फाटक्या जीन्स विकत घेतात
त्याचं काय.

मार्चमध्ये ऑर्विल झुरिक आला.
दोन पायऱ्या, तीनदा थांबला. खाणीतली छाती.
काखेत त्रिकोणी घडी, निळी बाजू वर.
भाऊ मेतोद, कोरिया, एक्कावन्न साल.
शवपेटीवरून उचलून शिपायांनी
आईच्या मांडीवर ठेवलेली, ती तशीच.
आईमागे बहिणीच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांत,
बहिणीमागे त्याच्या फ्रिजवर.

धुवायचाय का, मी विचारलं.
मला पिवळं करता येतं हो,
पांढरं करायला शिकलेच नाही.

नाही म्हणाला. नुसता उघडायचाय.
एकट्याला जमत नाही, साडेनऊ फूट आहे.

कापायच्या टेबलावरचे सगळे पट्टे मी ढकलून दिले.
एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.
घडी सुटली की दुसरी घडी,
गाठोड्यातून गाठोडं निघावं तशी.
बाहेरची कड माझ्या चहाच्या रंगाची, अगदी तीच,
कसबी माणसाने केल्यासारखी.
आणि आत
आत तो कोरा होता.
माझ्या ताग्यापेक्षा पांढरा.
लाल इतका लाल की ग्लेनिस मशीन थांबवून बघत राहिली.
ऊन लागलेलंच नव्हतं त्याला.
एकही दिवस.

ऑर्विल काही बोलला नाही.
मेतोद एकोणीसचा होता, एवढंच, ते पण बऱ्याच वेळाने,
आणि कापडाला हात लावायच्या आधी
त्याने हात पँटला पुसले.

परत घालताना घडी बसेना.
आधी लांबीत दोनदा, मग कोपऱ्यावर कोपरा,
ग्लेनिसने कुठेतरी पाहिलं होतं तसं.
तीनदा केलं. प्रत्येक वेळी
लाल शेपूट बाहेर राहिलं.
राहू दे, म्हणाला, आणि तसाच घेऊन गेला,
काखेतून शेपूट लोंबत.

पातेल्याखालचा गॅस मी विसरले होते.
त्या दिवशीचे सहा झेंडे
जरा जास्तच म्हातारे झाले.