सुसरबाईच्या दारात

पेपरात मगर छापून येते.
आमच्या गावात तिला सुसर म्हणतात
आणि पुढं बाई लावतात,
तलाठीबाई म्हणावं तसं.
जिच्याशी रोजचं काम पडतं
आणि जिच्यासमोर जपून बोलावं लागतं, ती बाई.

ह्यांच्या उजव्या पोटरीला बावीस टाके आहेत.
फुटबॉलमध्ये शेवाळ अडकलेलं,
कमरेएवढ्या कृष्णेत वाकून काढत होते.
मिरजेच्या डॉक्टरनं विचारलं, ओढलं का तिनं?
हे म्हणाले, नाही, चव बघितली आणि सोडलं.
पारावर अजून हसतात त्यावर.
मी हसत नाही. धोतर मी धुतलं होतं.

यंदा चैत्रात तिनं आमच्याच मोटारीजवळ
मळीच्या वाळूत अंडी घातली.
पायवाटेपासून दहा पावलं.
वनखात्याची नलवडे नावाची पोरगी आली,
चार काठ्या रोवल्या, लाल फीत बांधली,
म्हणाली, काकी, दोन महिने मोटार बंद.
दोन महिने!
शहाऐंशीचा ऊस गुडघ्याला,
वर ऊन असं की ढेकूळ हातात धरवेना.
तुझ्या पगारातनं पाजतेस का पाणी, म्हटलं.
ती काहीच बोलली नाही. चपलेतली वाळू झटकत बसली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी खोरं घेऊन गेले.
खोटं कशाला सांगू, अंडी फोडायलाच गेले होते.
तर तिथं आधीच एक कुत्रं उकरत होतं,
जिभेवर वाळू, शेपूट हलतंय.
पलीकडं पाण्यावर दोन डोळे.
हलेनात. मिटेनात.
मी खोरं उचललं
आणि कुत्र्याच्या पाठीत घातलं.
का, ते मला विचारू नका.
मलाच अजून नीट सांगता येत नाही.
उघडी पडलेली दोन अंडी
पदरानं धरून परत खड्ड्यात ठेवली, वाळू लोटली,
आणि मागं मागं सरत म्हणत राहिले,
सुसरबाई तुझी पाठ मऊ,
सुसरबाई तुझी पाठ मऊ.
शाळेत म्हण पाठ केली होती.
घाम फुटल्यावर तिचा अर्थ कळला.

जिनगोंडा चौगुले आमचा बांधकरी.
हातभर बांधापायी नऊ वर्षं बोलणं नाही.
तो एका संध्याकाळी फाटकाबाहेर उभा राहून बोलला,
माझी लाईट रात्री बारा ते आठ.
चारनंतरचं पाणी तुमच्या पाटात सोडतो.
सुसरीसाठी सोडतोय, तुमच्यासाठी नाही.
हे आतनं ओरडले,
आम्ही पण सुसरीसाठीच घेतोय!
पहाटे चारला दोघं एकाच बॅटरीच्या उजेडात
दारं मोडत उभे असायचे,
एक शब्द न बोलता.
चार सऱ्या वाळल्या तरीही. वाळल्याच.

वैशाख सरता सरता एका रात्री आवाज आला,
वाळूच्या आतनं, कोंबडीच्या पिलांसारखा, पण जाडसर.
आम्ही लांब, वरच्या दरडीवर बसलो.
ती आली. पायांनी वाळू सारली.
एकेक पिल्लू तोंडात धरून पाण्याकडं नेऊ लागली,
आम्ही भरली पाटी डोक्यावरनं उतरवतो
तसं हळू.
हे मोजत होते. सतराला थांबले.
म्हणाले, ह्याच दातांनी, बघ,
आणि पोटरी खाजवली.
जिनगोंडा खुदकन हसला.
बांधाचं अजून मिटलेलं नाही, ते वेगळं.

आता फुटबॉल परत पाण्यात आहे.
धुण्याच्या घाटाला पंचायतीनं लोखंडी जाळी मारली,
अंधार पडल्यावर कुणी नदीत उतरत नाही.
जाळीवर माझा भरवसा नाही.
एवढुशा जाळीला तिची शेपटी काय ऐकणार!
म्हणून बादली बुडवायच्या आधी
मी पाण्यात एक खडा टाकते.
थांबते.
मग दुसरा.
परक्या दाराची कडी वाजवावी, तसा.
आतनं काही हललं नाही,
तर वाकते.