तळघरातला बाण

एप्रिलचा दुसरा आठवडा. विनिपेगचा बर्फ
वरून अजून पांढरा, खालून केव्हाच पाणी झालेला.
पहाटे चारला मी जिना उतरले
आणि शेवटची पायरी सापडली नाही.

आधी मोजा भिजला, मग पोटरी.
नाताळचे दिवे, मिरोनचा एकच स्केट,
बिटाच्या लोणच्याची रिकामी बरणी,
सगळं हळूहळू गोल फिरत होतं
कुणी पाहुण्यांना नवं घर दाखवावं तसं.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक संशयाने म्हणतात.
आमच्या गावाची तक्रार नेमकी उलटी.
इथली माती काळी, चिकण, बुटाला मिठी मारणारी;
हिच्यात काही म्हणजे काही मुरत नाही,
ना वितळलेला बर्फ, ना जुनं भांडण.

कोपऱ्यातल्या खड्ड्याला संप म्हणतात.
त्या रात्री तो नावाला जागला.
मोटर गुरगुरत होती, म्हणजे जिवंत होती,
पण पाणी जागचं हलेना.

प्लंबर म्हणाला, सोमवारी.
तेव्हा गुरुवार होता.
तासाचे एकशे साठ, आणि येण्याचे वेगळे.
ठेवला फोन.
सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवतेय मी,
उणे तीसमध्ये इंजिनाची समजूत काढलीय,
ही तर हातभर नळी.

आधी फ्यूज काढला. (घाईत माणसं मरतात ती इथेच.)
मग गमबूट, दातांत टॉर्च,
गॅरेज सेलमध्ये दोन डॉलरला घेतलेला पाना.
उजेड वर गेला, तेव्हा तुळईवर दिसली
पेन्सिलीतली बारीक, तिरकी अक्षरं:

*१९७९, घोटा.*
*१९९७, गुडघा, आणि बायको माहेरी.*
आणि सगळ्यात खाली, ताजं, थरथरत:
*सप्टेंबर. नवा व्हॉल्व्ह बसवला. बाण वर हवा.*
*मी खाली बसवला की काय?*
*चष्मा वर राहिला होता. पुन्हा वाकवत नाही. कृपया बघणे.*

कॉर्नेलियस टेव्स, वय सत्त्याऐंशी.
ऑक्टोबरात चावी देताना
गुलाबांबद्दल तासभर बोलले होते.

दोन क्लॅम्प. एक गंजून बसलेला,
त्याला तेल पाजलं, शिव्या दिल्या, पुन्हा तेल.
रबर सुटलं तसं नळीतलं पाणी
बाहीतून थेट काखेत उतरलं.
अंधारात बोट फिरवलं काळ्या प्लास्टिकवर,
आणि लागला तो उंचवटा, तांदळाएवढा बाण,
खाली, खड्ड्याकडे,
सहा महिने इमानाने चुकीचं सांगत उभा.

उलटा केला. आवळला. फ्यूज.
नळीने एक उचकी दिली
आणि भिंतीतून पाणी बाहेर जाण्याचा आवाज आला.
मी पायरीवर बसून मोजत राहिले,
चाळीस सेकंद चालू, नव्वद बंद.
गार चहा प्यायले. थोडी रडले बहुतेक.
चेहरा आधीच ओला होता, सांगता येत नाही.

सातला दारावर थाप.
शेजारचा दिओस्दादो, चपला घालून, पाय लाल झालेले.
"ओरिसिया," तो म्हणाला, "तुझं पाणी माझ्याकडे आलंय."
बघते तर खरंच,
माझ्या नळीचं तोंड सरळ त्याच्या खिडकीकडे.
वाटलं, आता हा मला जन्मभर पाण्यात पाहणार.

त्याने बगलेतून बारा फुटांची घडीची नळी काढली.
ती आम्ही रस्त्याच्या गटारापर्यंत ओढली,
मध्ये बर्फ फोडला, त्याच्याच फावड्याने.
मग तो उगाच उभा राहिला.
"माझा पंपही गुरगुरतोय," म्हणाला,
"गेल्या वर्षी मीच बसवला होता. व्हिडिओ बघून."

मी टॉर्च पुसला, पाना उचलला.
"चष्मा घेतलास ना," विचारलं,
आणि त्याच्या जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरले.