चौथं वर्ष

फायदा काय, असं मार्केट यार्डात विचारलं
की उत्तर क्विंटलमध्ये द्यावं लागतं.
माझे अण्णा मापाडी.
ऑनर्सचा फॉर्म त्यांनी दोन्ही बाजूंनी बघितला,
म्हणाले, तीन वर्षांत पदवी देतातच की,
मग हे चौथं कशाचं?
मापावर टाकायची वरची ओंजळ?

तेव्हा मला सांगता आलं नाही.
माहितीपत्रकात सगळं होतं,
पण त्याचा कागद इतका गुळगुळीत
की शब्दांवरून बोट घसरायचं.

आता सांगते, जमेल तसं.

आम्ही सहा जण.
आधीच्या वर्गात एकशेवीस होतो,
हजेरी संपेतो तास संपायचा,
माझा नंबर पंच्याऐंशी,
"हजर" एवढंच माझं दिवसाचं बोलणं.
सहा जणांत लपायला जागा नसते.
पहिल्याच सोमवारी मगदूम मॅडमनी विचारलं,
तुला काय वाटतं?
पुस्तकाला नव्हे. तुला.
विश्रामबागच्या फाटकातून मालगाडी चालली होती.
शेवटचा डबा जाईपर्यंत
मॅडम थांबल्या.

मग किल्ली मिळाली,
सुतळीत ओवलेली, प्रयोगशाळेची.
साडेपाचनंतर शिपाईमामा गेले
की दिवे आमचे, नळ आमचा, पसाराही आमचाच.
ग्रंथालयात दोनाऐवजी आठ पुस्तकं,
त्यातलं सर्वात जाड इरफान मुजावर
दुपारी उशाला घ्यायचा
आणि उठून त्यातलंच काहीतरी बोलायचा.

विषय मी निवडला: हरिपूरची पेवं.
पेवातल्या हळदीचा रंग उतरत नाही,
असं सगळेच सांगतात.
मला तो मिलिग्रॅममध्ये हवा होता.
आदगोंडा आप्पांनी उरल्यासुरल्या एका पेवाचं तोंड उघडलं,
मला काठापासून लांब बसवलं
आणि दोरीनं कंदील आत सोडला.
विझला.
आज नाही, म्हणाले. उद्या.
हवा आपल्या पायांनी आत उतरते, तिला ढकलता येत नाही.
मी वहीत लिहिलं: पद्धत, पायरी पहिली.
मॅडमनी खाली लाल शाईत लिहिलं:
शिकवणाऱ्याचं नाव कुठाय?

दहा महिन्यांनी आकडे आले.
पेवातली हळद, गोदामातली हळद,
फरक नाही.
म्हणजे आहे, पण एवढासा
की तो माझ्या हाताचा कापसुद्धा असेल.
मी बेसिनचा नळ सोडून रडले.
दाराबाहेरून सुकुमार म्हणाला,
भडंग आणलाय, मऊ पडेल.
मॅडम म्हणाल्या, "नाही" हेही उत्तरच असतं. लिही.
इतकं साधं.
आमच्या घरात चूक म्हणजे पैसे,
पगारातून कापून घेतलेले.
इथं कुणीतरी मला चुकायला
अख्खं वर्ष दिलं होतं, किल्लीसकट.

एका शनिवारी अण्णा डबा घेऊन आले.
चपला बाहेर काढल्या, मी नको म्हणेपर्यंत.
काचेच्या पेटीतला काटा बघितला.
ग्रॅमचा दहा हजारावा भाग दाखवतो म्हटल्यावर
हसले, वाकले.
दार उघडं होतं. आकडा थरथरला.
तुमचा श्वास लागतोय अण्णा, म्हटलं.

त्यांनी श्वास धरला.
तीस वर्षं पोती तोललेला माणूस,
नखांत पिवळं,
आकडा ठरेपर्यंत तसाच वाकून.

मग सोडला, आणि फायद्याबद्दल काही बोलले नाहीत.
एवढंच विचारलं, हलक्या आवाजात,
जसं धन्यासमोर विचारता येत नाही:
"आणि ह्या काट्याचा काटा
कोण तपासतं?"

सहा जणांत कुणालाच
हे सुचलं नव्हतं.
डबा तसाच राहिला.
मी वही उघडली,
वर त्यांचं नाव लिहिलं.