म्हशीच्या गळ्यातली बरणी

पहिली चूक स्टीलच्या डब्यात झाली.
जेवणाचा डबा, कडीचा, माझाच.
आत बोटाएवढी चकती, मेलेल्या हँडसेटचा सेल,
वर सायकलच्या ट्यूबचा पट्टा.
धाकू बोडकेंच्या चंदनीच्या गळ्यात बांधून
जांबोटीच्या दुकानात येऊन बसले स्क्रीनपुढे.
दिवस गेला. काही नाही.
मल्लाप्पा लाइनमन चहाला आला, म्हणाला,
"पत्र्यातनं आभाळ कसं शिरंल गं, सुगंधा?"
खांबावर जन्म काढलेल्या माणसाला
कळतं, कशातनं काय जातं.

मग लोणच्याची बरणी, प्लास्टिकची.
तीनदा धुतली तरी करवंदाचा वास राहिला
आणि रातोरात गोठ्यातल्या दोन रेडकांनी
चाटून चाटून एमसील सोडवलं.
पुढच्या खेपेला मेण लावलं.
आलं.

रेंज टेकाडावरच. म्हणून दिवसभराचे ठिपके
संध्याकाळी एकदम यायचे, सुटलेल्या शाळेसारखे.
रस्ता सोडून, सैल टाक्यांसारखे,
नकाशावर जिथे नुसता हिरवा रंग ओतून
कुणीतरी 'वन' लिहिलंय
आणि हात झटकलेत, तिथे.

आठवड्यानं धाकूमामा चष्मा लावून बसले.
"इथं थांबली? मग इथं पाणी, मे महिन्यातसुद्धा.
हा बाक घेतला ना, तिथं काटेरी जाळी.
आणि हे काय... अस्सं! तरीच दूध कमी."
बोट फिरत गेलं, मी लिहीत गेले.
चाळीस वर्षं गुरांमागं चाललेला माणूस
पहिल्यांदाच बसून चालत होता.

हा नकाशा कुणीही भरावा असा आहे.
वाट भरली. ओढ्यापाशी निळा थेंब ठेवला.
खाली रकाना उघडला : नाव.
एकच. आडवा.

मी मल्लाप्पाकडं बघितलं, त्यानं रस्त्याकडं.
आमच्याकडं पाटीवर काळं फासणं सोपं,
नाव ठेवणं नव्हे.
बेळगाव की बेळगावी, यावर
दोन पिढ्यांचा घसा बसलाय.
मी म्हणाले, म्हशीची वाट.
तो म्हणाला, एम्मे दारी.
दोन्ही बरोबर. दोन्ही टाइप करून खोडली.
मामांना विचारलं, तुम्ही काय म्हणता तिला?
"म्हणायचं काय? जातो."

सेव्ह केलं. रकाना तसाच.
मल्लाप्पानं चहाचे पैसे दिले, माझेपण,
हे मात्र कुठं नोंदवलं नाही.

त्या दिवसाचे ठिपके अंधार पडल्यावर आले.
दीड तास ओढ्यावरच, एकाच जागी,
तरी प्रत्येक ठिपका हातभर सरकलेला,
कारण उपग्रहांनाही नेमकं ठाऊक नसतं
उभी म्हैस कुठं उभी आहे.