डोरीनची वाट

हॅन्लीच्या बस डेपोत, कंट्रोल रूममध्ये,
पहिल्याच दिवशी डोरीन मला म्हणाली, बदक.
म्हणजे डक. "चहा घेणार, डक?"
मी मागे वळून पाहिलं.
मग कळलं, स्टोकमध्ये सगळेच बदक:
पोस्टमन बदक, डेंटिस्ट बदक,
दंडाची पावती फाडणारासुद्धा
"सही इथे कर, डक."

कुणाचं फुकट घेऊ नये काही.
जानेवारीत बर्फ पडलं,
बर्स्लेमच्या चढावर तीन बस आडव्या झाल्या
आणि माझ्या तोंडून निसटलं, लागली वाट!

डोरीननं हेडफोन एका कानावरून सरकवला.
"काय लागलं?"
वाट.
"म्हणजे?"
रस्ता. लहानसा. पायांनी पाडलेला.
"आणि लागली म्हणजे?"
इथे माझीच लागली.
भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो,
नळावर नंबर लागतो,
बसमध्ये डोळा लागतो आणि उठेपर्यंत
सांगली मागे पडून भलतंच गाव लागतं,
हे सगळं त्या बाईला कुठल्या तोंडानं सांगू?
"रस्ता चिकटला," मी म्हणाले, "आपल्याला."
तिनं स्क्रीनवर रुतून बसलेली अठरा नंबर पाहिली.
"बरोबर आहे. चिकटलाय."

त्या दिवसापासून रेडिओवर:
टनस्टॉलची वाट लागली, ओव्हर.
प्रिंटरची वाट.
माझ्या गुडघ्याची वाट, डक.

खुर्शीद ड्रायव्हर हसला, हा तर बंबईचा शब्द,
पिक्चरमध्ये ऐकलाय.
वाट म्हणजे काय, ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं.
हिंदीनं आमच्याकडून लागणं तेवढं उसनं नेलं
आणि वाट आमच्याच दारात सोडली.

डोरीनला वाटच हवी होती.
चाळीस वर्षं रूट आखलेली बाई.
दुपारी ओटकेक खाताना
(आपलं घावनच, फक्त ती आत चीज भरते)
विचारायची,
"आणखी काय करता तुम्ही तिचं?"
बघतो.
"रस्ता? कशाला?"
कुणी यायचं असेल तर.
माणूस दिसत नाही ना अजून,
म्हणून मग रस्ता बघायचा.
डोरीन चावायची थांबली.
"आणखी?"
कुणाच्या वाटेला जात नाही.
गेलो, तर तो आपली वाट लावतो.
कधी वाट चुकते.
कधी मुद्दाम वाकडी करतो,
"वाकडी?"
ओळखीच्या घरी डोकावायला.
तिनं पिवळ्या चिठ्ठीवर लिहून घेतलं
आणि चिकटवलं भिंतीवर,
डायव्हर्शनच्या नकाशाशेजारी.

ऑगस्टात मला लीड्सची नोकरी लागली.
(बघ, हेही लागतंच, तिला सांगायचं राहिलं.)
सकाळी फोनवर तिचा निरोप,
एकेक अक्षर चिमट्यात धरून,
कागदावरून वाचल्यासारखा, मराठीत:
"स्टेशन. मी तुझी वाट लावते."

बघते म्हणायचं होतं तिला.
टॅक्सीत एकटीच हसले,
ठरवलं, भेटल्यावर दुरुस्त करू.

पण प्लॅटफॉर्मवर ती उभी,
एक गुडघा वाकवून, फॉइलमध्ये ओटकेक,
आणि मला आमचे भाऊकाका आठवले,
पाहुणा निघाला की सदऱ्याची बटणं लावत
त्याची पिशवी आपल्या हातात घ्यायचे, म्हणायचे,
आलोच ह्यांना वाटेला लावून.
कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत जायचे.
कधी पार स्टँडपर्यंत.

नाही केलं दुरुस्त.

बोर्डावर आकडे फिरले.
गाडी चौदा मिनिटं उशिरा.
"लागली," डोरीन म्हणाली, नुसतंच.
मग आम्ही दोघी बाकावर बसलो,
बघत.