बाराव्या अक्षराचे पैसे

कॅम्पात बेकरीमागं राहणाऱ्या डोरीनबाईनं
जिवंतपणीच दगड सांगितला.
म्हणाली, नंतर स्पेलिंग तपासायला कोण असणार?

विंटरबॉर्न.
रेशनकार्डावर विंट्रबाई,
वीजबिलावर कन्नडात निम्मंच,
पोस्टमन नुसतं ‘इंत्री’ म्हणतो.

मी अक्षरावर पैसे घेतो.
बारा अक्षरं. त्यातली दोन तर
तोंडातून येतच नाहीत. म्हटलं, गाळू या,
तेवढंच स्वस्त पडेल.
ती बघत राहिली,
जणू घरातली दोन माणसं गाळा म्हणालो.

मग अर्थ सांगितला:
फक्त हिवाळ्यात वाहणारा ओढा.
त्याच्या काठचं कुठलंसं गाव, गावावरनं माणसं.
म्हटलं, मग तुम्ही आमच्यातल्याच की,
आम्ही ‘कर’ लावतो एवढंच.
तिनं तो ओढा पाहिलेला नाही.
तिच्या आज्यानंही नाही.

मी कल्लाप्पा पाथरवट.
नावात कन्नड दगड, आडनावात मराठी.
दुकानाच्या पाटीवर कुठली लिपी वर,
ते मोर्चा ठरवतो.

शेवटचा ई कोरला तेव्हा चैत्र होता,
मार्कंडेयात पाणी घोट्याएवढं.
बाईनं त्या मुक्या अक्षरातून बोट फिरवलं,
भुकटी फुंकली,
आणि खालच्या कोऱ्या जागेचं
काहीच विचारलं नाही.